शाळेच्या आवारातली सापेक्ष आर्द्रता कशी मोजावी?

हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प आणि त्याच तापमानाला त्या हवेत जास्तीत जास्त मावू शकणारे बाष्प, यांचे टक्केवारीतले गुणोत्तर म्हणजे सापेक्ष आर्द्रता. बालभारतीच्या आठवीच्या भूगोलातल्या 'आर्द्रता व ढग' या पाठात ही व्याख्या येते आणि तिच्यावर प्रकल्पही दिले जातात. प्रत्यक्ष मोजायला घेतले की गोंधळ सुरू होतो. एकाच शाळेत, अर्ध्या तासाच्या आत तळमजल्याच्या वऱ्हांड्यात ८० टक्के आणि वरच्या मजल्यावर ६४ टक्के असे आकडे येतात. यंत्र बिघडले असावे किंवा तळमजल्यावर कुठेतरी पाणी मुरत असावे, असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. हवेतले बाष्प दोन्हीकडे तेवढेच असते, फक्त वरच्या मजल्यावरची हवा जास्त तापलेली असते.

टक्केवारी एकटी वाचू नये

तापमान वाढले की हवेत बाष्प मावण्याची मर्यादा झपाट्याने वाढते. ही मर्यादा संपृक्त बाष्पदाबाने दाखवतात. पुढचे आकडे हेक्टोपास्कलमध्ये आहेत आणि प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घेण्यासारखे आहेत.

- २० अंश सेल्सिअस: २३.४
- २२ अंश: २६.४
- २४ अंश: २९.८
- २६ अंश: ३३.६
- २८ अंश: ३७.८
- ३० अंश: ४२.४
- ३२ अंश: ४७.६
- ३४ अंश: ५३.२
- ३६ अंश: ५९.४

कोणत्याही ठिकाणची टक्केवारी त्या तापमानाच्या आकड्याने गुणून शंभराने भागली की तिथला खरा बाष्पदाब मिळतो. समजा, वऱ्हांड्यात २८ अंश आणि ८० टक्के नोंद झाली. ३७.८ चे ८० टक्के म्हणजे ३०.२. गच्चीखालच्या वर्गात ३२ अंश आणि ६४ टक्के मिळाले, तर ४७.६ चे ६४ टक्के म्हणजे ३०.५. टक्केवारीत सोळाचे अंतर दिसते, बाष्प मात्र जवळपास सारखेच आहे. आता वातानुकूलित संगणक कक्षात २४ अंश आणि ६० टक्के आले, तर बाष्पदाब १७.९ निघतो. नुसती टक्केवारी पाहिली तर संगणक कक्ष आणि गच्चीखालचा वर्ग सारखे वाटतील. प्रत्यक्षात पहिल्यात दुसऱ्याच्या सहा दशांशच बाष्प आहे, कारण एसीच्या थंड जाळीवर पाणी होऊन बाकीचे बाष्प बाहेर वाहून गेलेले असते. उलट स्वच्छतागृहात २८ अंश आणि ९२ टक्के मिळाले, तर दाब ३४.८ येतो. तिथे खरोखरच जास्तीचे बाष्प आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीत टक्केवारीसोबत त्याच जागेचे, त्याच क्षणाचे तापमान हवेच. ते नसेल तर दोन ठिकाणांची तुलना करू नये.

कोणते साधन निवडावे

- ओला-सुका तापमापक. दोन सारखे तापमापक. एकाच्या फुग्यावर ओली मलमल. पाणी उडून जाताना तो फुगा थंड होतो आणि दोन्ही वाचनांतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. शाळेसाठी सर्वांत विश्वासाचे साधन हेच. आर्द्रता कशी ठरते ते मुलांना डोळ्यांनी दिसते आणि वीज लागत नाही.
- गोफणी आर्द्रतामापक. हाच जोड दांड्याला बसवून गरगर फिरवायचा. वारा आपोआप मिळत असल्यामुळे आकडा अधिक अचूक येतो. फिरवायला मात्र मोकळी जागा लागते.
- डिजिटल आर्द्रतामापक. वेगवेगळ्या जागी नेऊन मोजायला सोयीचा. स्वस्त साधनात तीन ते पाच टक्के इकडेतिकडे गृहीत धरावेत.
- अटल टिंकरिंग लॅबमधले संवेदक. डीएचटी-११ हा छोटा संवेदक बहुतेक किटमध्ये सापडतो. त्याची मर्यादा ९० टक्क्यांच्या आसपास संपते आणि नवी मुंबईत पावसाळ्यात हवा त्याच्या पुढे सहज जाते. जुलैमध्ये मोजायचे असेल तर डीएचटी-२२ किंवा बीएमई-२८० घ्यावा.
- केसाचा आर्द्रतामापक. माणसाचा केस पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, या गुणावर तो चालतो. वर्गात बनवून दाखवायला उत्तम, तुलनेच्या नोंदीसाठी अपुरा.

यांतले काहीच नसेल तरी काम अडत नाही. चकचकीत स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बर्फाचा चुरा थोडा थोडा टाकत चमच्याने ढवळावे आणि तापमापक बुडवून ठेवावा. पेल्याची चमक ज्या तापमानाला पहिल्यांदा मंद होते ते टिपावे. मग उरलेला बर्फ काढून धुके विरते ते तापमान टिपावे. दोन्हींची सरासरी म्हणजे दवबिंदू. हवा ३० अंश आणि दवबिंदू २४ अंश असेल तर २९.८ भागिले ४२.४, म्हणजे ७० टक्के. ढवळणाऱ्याचा श्वास पेल्यावर पडणार नाही एवढे जपावे. पावसाळ्यात इथला दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास राहतो, त्यामुळे चिमूटभर बर्फानेही पेला धुरकटतो.

मोबाईलमधल्या हवामान ॲपचा आकडा मात्र शाळेचा म्हणून लिहू नये. तो दूरच्या एखाद्या केंद्राचा किंवा संगणकीय अंदाजाचा असतो.

मोजण्याआधी साधन पारखावे

डिजिटल साधने नवी असतानाही एकमेकांशी जुळत नाहीत. ती पारखण्याची सोपी रीत मिठाची आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान ती जवळपास बदलत नाही.

१. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंबथेंब पाणी टाकावे. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळून जाऊ नये.
२. झाकण आणि साधन घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक डब्यात ठेवावे. मिठाचा साधनाला स्पर्श होऊ देऊ नये.
३. डबा रात्रभर सावलीत, एकाच तापमानात राहू द्यावा.
४. सकाळी डबा न उघडता आकडा वाचावा. ७९ दिसले तर ते साधन चार टक्के जास्त दाखवते. तेवढे पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करावेत.

मीठ प्रयोगशाळेतले घ्यावे. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांच्यामुळे आकडा ७५ च्या खाली उतरू शकतो. ओल्या-सुक्या तापमापकाची पारख याहून सोपी: मलमल न लावता दोन्ही तापमापक शेजारी ठेवावेत आणि त्यांच्यातला फरक लिहून ठेवावा.

ठिकाणे कशी निवडावीत

नवी मुंबईची रचना या प्रकल्पासाठी फार अनुकूल आहे. पश्चिमेला ठाणे खाडी, तिच्या काठाने खारफुटी आणि चिखलपट्टे, पूर्वेला पारसिकचे डोंगर, दक्षिणेकडे पनवेलची खाडी आणि खारघरचे डोंगर, आणि मधल्या पट्ट्यात भराव घालून सिडकोने वसवलेली उपनगरे. सखल जमिनीवर भरतीचे पाणी चढू नये म्हणून बांधलेले धारण तलाव वाशी, नेरूळ, बेलापूरच्या वस्त्यांना लागूनच आहेत. त्यामुळे बऱ्याच शाळांना एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काँक्रीट आणि मधे मैदान असा तयार नमुना मिळतो.

आवारात पाच ते सात ठिकाणे पुरेत. त्यांतले एक मूळ ठिकाण ठरवावे: मोकळे, सावलीत, भिंतीपासून दूर. बाकीची ठिकाणे त्याच्याशी ताडून पाहायची. निवडताना नुसती विविधता न शोधता प्रत्येक जागेमागे एक प्रश्न असावा.

- मैदान आणि झाडाखालची जागा. झाडे पानांतून बाष्प सोडतात आणि सावलीने हवा थंडही ठेवतात. टक्केवारी वाढली तर त्यात बाष्पाचा वाटा किती आणि गारव्याचा किती, हे बाष्पदाब काढल्यावर सुटे होते. सगळ्या जागांमध्ये हीच जोडी सर्वांत शिकवणारी आहे.
- तळमजला आणि गच्चीखालचा वर्ग. इथे बहुधा तापमानाचाच खेळ असतो. गच्चीवर पत्र्याची शेड घातली असेल तर शेडखालचीही नोंद घ्यावी.
- वर्ग भरण्यापूर्वी आणि तास संपताना. शांत बसलेला प्रौढ माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. मुलांचे प्रमाण थोडे कमी धरले, तरी पन्नास जणांच्या बंद वर्गात तासाभरात लिटर-दीड लिटर पाण्याइतके बाष्प जमते. खिडक्या बंद ठेवून आणि उघडून, दोन्ही प्रकारे मोजावे.
- पोषण आहार जिथे शिजतो किंवा वाढला जातो ती जागा, पाण्याच्या टाकीजवळचे नळ, स्वच्छतागृह. बाष्प खरोखर जास्त असण्याची शक्यता इथे आहे.
- ग्रंथालयाचे बंद कपाट. कपाटाच्या आत आणि बाहेर, दोन नोंदी.
- खाडीच्या किंवा तलावाच्या बाजूचे कुंपण आणि रस्त्याच्या बाजूचे फाटक. या जोडीसोबत वाऱ्याची दिशा लिहिली नाही तर आकड्यांना अर्थ राहत नाही. वारा जमिनीकडून येत असेल तर तलावाशेजारचे कुंपणही कोरडेच निघेल.

एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर, जनरेटरजवळ, उन्हात तापलेल्या भिंतीला टेकून किंवा थेट पंख्याखाली मोजू नये. साधनाची उंची सगळीकडे सारखी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असावी. हवामान खात्याच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक याच सुमाराच्या उंचीवर असतात, आणि पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात म्हणजे उघडताना आत ऊन शिरत नाही.

वेळ कोणती

हवामान खात्याची सकाळची मुख्य निरीक्षणे साडेआठला आणि संध्याकाळची साडेपाचला होतात. सकाळच्या सत्राच्या शाळेने साडेआठची वेळ धरली तर आपली नोंद कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांच्या नोंदींशी ताडता येते. दुसरी नोंद दुपारी घ्यावी. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला असे नाही; भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखावृत्ताची आहे आणि नवी मुंबई सुमारे ७३ अंशांवर, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी होते.

हिवाळ्यात रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारे येतात आणि दुपारी खारे वारे खाडी ओलांडून आत शिरतात. खारे वारे सुरू होण्याआधी आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने घेतलेल्या नोंदींमध्ये बाष्पदाबाची उडी स्पष्ट दिसू शकते. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यासाठी चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडेच हवा संपृक्ततेच्या जवळ असते आणि ठिकाणाठिकाणांतला फरक साधनाच्या चुकीपेक्षा लहान होतो.

मोजणीचा क्रम

१. सगळी साधने मूळ ठिकाणी शेजारीशेजारी दहा मिनिटे ठेवून एकदा वाचावीत. जो फरक दिसेल तो लिहून ठेवावा.
२. एक साधन मूळ ठिकाणीच राहू द्यावे. तिथल्या विद्यार्थ्याने दर पाच मिनिटांनी नोंद घ्यावी.
३. दुसरे साधन घेऊन बाकीच्या गटाने एकेका ठिकाणी जावे. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटे, एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. थंड साधनावर बाहेरच्या हवेचे दव बसते आणि ते सुकेपर्यंत आकडा खोटा असतो.
४. गोफणी साधन सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून, दोन-तीन मिनिटे फिरवावे. थांबताच आधी ओला तापमापक वाचावा, मग सुका. पुन्हा फिरवावे; ओले वाचन आणखी खाली गेले नाही म्हणजे ते पक्के.
५. स्थिर टांगलेल्या ओल्या-सुक्या तापमापकाला पुठ्ठ्याने वारा घालावा. साचलेल्या हवेत ओला फुगा पुरेसा थंड होत नाही आणि आर्द्रता आहे त्याहून जास्त भासते.
६. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, सुके तापमान, ओले तापमान किंवा टक्केवारी, वाऱ्याची दिशा, ऊन की ढग आणि त्याच मिनिटाचे मूळ ठिकाणचे वाचन लिहावे.

मूळ ठिकाणी एक साधन ठेवण्याचा टप्पा बहुतेक प्रकल्पांत गाळला जातो आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. एकच साधन घेऊन सात ठिकाणे फिरायला पाऊण तास लागतो. सकाळच्या पाऊण तासात हवा दोन-तीन अंशांनी सहज तापते, आणि मग वेळेमुळे झालेला बदल ठिकाणाचा समजला जातो. दुसरे साधन मिळणारच नसेल तर फेरीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी मूळ ठिकाणी परत येऊन वाचावे.

फरकावरून टक्केवारी

ओल्या-सुक्या तापमापकाला पुरेसा वारा मिळाला असेल तर समुद्रसपाटीजवळ पुढचे आकडे चालतात. प्रत्येक ओळीत आधी दोन तापमानांतला फरक, नंतर सापेक्ष आर्द्रता आहे.

- सुके तापमान २५ अंश: १ – ९२, २ – ८४, ३ – ७७, ४ – ७०, ५ – ६३, ६ – ५७, ८ – ४४
- सुके तापमान ३० अंश: १ – ९३, २ – ८६, ३ – ७९, ४ – ७३, ५ – ६७, ६ – ६१, ८ – ५०, १० – ३९
- सुके तापमान ३५ अंश: १ – ९३, २ – ८७, ३ – ८१, ४ – ७५, ५ – ६९, ६ – ६४, ८ – ५४, १० – ४४

मधल्या तापमानांसाठी दोन ओळींच्या दरम्यानचा आकडा धरावा. तापमापक अर्ध्या अंशाने चुकला तरी टक्केवारी साधारण तीनने सरकते, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष लिहावेत. दोन ठिकाणांत पाच टक्क्यांहून कमी फरक असेल तर 'फरक आढळला नाही' असेच लिहावे. ते प्रकल्पाचे अपयश नव्हे आणि त्यासाठी गुण कापले जाऊ नयेत.

हमखास होणाऱ्या चुका

- मलमल नळाच्या पाण्याने भिजवणे. क्षार साचले की बाष्पीभवन मंदावते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. खाडीजवळच्या शाळेत वाऱ्याबरोबर मीठ येते, म्हणून मलमल आठवड्याला बदलावी.
- साधन हातात धरून तोंडाजवळ आणून वाचणे.
- उन्हात मोजणे. ऊन लागलेला तापमापक हवेचे तापमान दाखवत नाही.
- एका दिवसाच्या नोंदींवर निकाल देणे. एकाच वेळेच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या निदान पाच-सहा फेऱ्या हव्यात.
- १०० टक्के म्हणजे पाऊस पडतो आहे असे समजणे. १०० टक्के म्हणजे एवढेच की त्या तापमानाला हवेत आणखी बाष्प मावणार नाही.

आकड्यांवरून शाळेने काय ठरवावे

ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेच्या कपाटात आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता राहत असेल तर पुस्तकांवर आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून हलवणे, भिंगांच्या डब्यात सिलिका जेल ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी गळती बंद करणे हे उपाय लगेच करता येतात. बाहेरचा बाष्पदाब आतल्यापेक्षा जास्त असताना खिडक्या उघडून खोली कोरडी होणार नाही, उलट ओल वाढेल. हा निर्णयही नोंदवहीच देते.

मैदानावरच्या नोंदींचे महत्त्व त्याहून मोठे आहे. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते, आणि त्या बाष्पीभवनाला किती वाव आहे हे ओल्या तापमापकावरून कळते. विदर्भात मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के असतील तर ओला तापमापक २३-२४ अंश दाखवेल. नवी मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के असतील तर तोच २९ दाखवेल. तापमान आठ अंशांनी कमी असूनही इथे घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते आणि त्यानंतर उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले. मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये शाळेने कवायत, क्रीडा सराव आणि संचलनाची वेळ ठरवताना तापमानासोबत ओले वाचनही पाहावे, आणि ते चढत असेल तर मुलांना सावलीत आणावे. पालकांनाही ही नोंद मागण्याचा आणि तिच्या आधारे वेळ बदलण्याची विनंती करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

तुलनेची माहिती, सुरक्षितता आणि परवानगी

कुलाबा आणि सांताक्रूझची दैनंदिन निरीक्षणे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या मुंबई केंद्राकडून जाहीर होतात. ती पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवेच्या गुणवत्तेची केंद्रे ऐरोली, नेरूळ, महापे अशा ठिकाणी आहेत. अशा स्वयंचलित केंद्रांवर प्रदूषकांबरोबर तापमान आणि आर्द्रताही मोजतात, आणि केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असतात. खाडीपलीकडच्या सांताक्रूझपेक्षा जवळच्या केंद्राशी केलेली तुलना जास्त उपयोगी पडते.

पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलचे तापमापक घ्यावेत. पाऱ्याचा फुटलाच तर मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडाव्यात. झाडू फिरवू नये, कारण त्याने पाऱ्याचे थेंब बारीक होऊन पसरतात. गोफणी साधन फिरवणाऱ्यापासून बाकीच्यांनी दोन हात दूर उभे राहावे.

खाडीकाठची खारफुटी कायद्याने संरक्षित आहे. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे जायचे असेल तर वन विभागाशी आधी पत्रव्यवहार करावा. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र त्यासाठी विचारणा करण्याची योग्य जागा आहे. भरतीच्या वेळी चिखलपट्ट्यांवर किंवा धारण तलावांच्या दरवाजांजवळ विद्यार्थ्यांना नेऊ नये. वारा खाडीकडून येत असेल तर शाळेच्या कुंपणाच्या आत, वाऱ्याच्या बाजूला घेतलेले वाचन तुलनेला पुरते.